फोटोतल्यासारखं हँडल

॥ श्री ॥
तलवाडा, कार्तिक व. ४, शके १८५७

चि. गहिनीनाथ यास,

सुंदररावाचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली महिना महिना वाट पाहायला न लावता कळवत जावी.

तू हैदराबादेहून धाडलेली सायकल जालना स्टेशनावरून कडब्याच्या गाडीत बसून काल पोचली. घोडी मेल्यापासून माझी गिरदावरी पायीच चालली होती. दिवसभर गावोगाव हिंडून पिकांची पाहणी करायची आणि संध्याकाळी सुजलेले पाय तुझ्या वहिनीपुढे पसरायचे. धाकट्या भावाने आठवण ठेवून वाहन धाडलं याचा मला फार आनंद झाला. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे आनंदाचं फारसं काही नाही.

हँडल वेगळं काढून पेंढ्यात गुंडाळलेलं होतं. ते म्हाळू लोहाराने बसवून दिलं. त्याने जन्मात सायकल पाहिलेली नाही, म्हणून कोनाड्यातला तुझा फोटो काढून त्याच्यापुढे धरला आणि तसंच्या तसं करून घेतलं. त्या फोटोत तू सायकलीवर असा ओणवा झाला आहेस की तुझं काहीतरी हरवलंय आणि ते तू पुढच्या चाकात शोधतोयस. मला वाटायचं, फोटोवाल्याने तसं बसायला सांगितलं असेल. काल मी स्वतः बसलो तेव्हा कळलं की या हँडलावर माणसाला दुसऱ्या तऱ्हेने बसताच येत नाही. मुठी गुडघ्यांपाशी येतात, पाठीचं धनुष्य होतं आणि रुमाल घसरून डोळ्यांवर. वेशीपासून मारुतीपर्यंत गेलो तेवढ्यात मान आखडली. तुझ्या वहिनीचं म्हणणं, भाऊजींनी धाडलीय म्हटल्यावर चांगलीच असणार, तुम्हालाच नीट बसता येत नाही.

माया आहे तशीच असू दे. हँडल मात्र याहून उंच मिळतं का ते पाहा.

तुझा,
सुंदरराव

॥ श्री ॥
हैदराबाद, मार्गशीर्ष शु. २

ती. दादांचे सेवेशी,

बालक गहिनीनाथाचा साष्टांग नमस्कार वि. वि. पत्र पोचलं. सायकल पोचल्याचं वाचून जीव भांड्यात पडला आणि पुढचं वाचून पुन्हा बाहेर आला.

दादा, दुकानात तीन तऱ्हेची हँडलं टांगलेली होती. रेस खेळणारांचं खाली वाकलेलं, एडक्याच्या शिंगांसारखं. दुसरं सरळ दांड्याचं, ते दूधवाले घेतात, कारण दोन्हीकडे कॅन अडकवता येतात. आणि तिसरं वर चढून मागे वळलेलं. त्याच्या मुठी आपसूक पोटासमोर येतात आणि माणूस पाटावर बसावा तसा ताठ बसतो. मी अर्धा दिवस कचेरी बुडवून तुमच्यासाठी हे तिसरं निवडलं. त्यावर ओणवं व्हायचं म्हटलं तर मुद्दाम कसरत करावी लागेल! फोटोची थट्टा आता पुरे. ती रेसची सायकल स्टुडिओवाल्याची होती, मी तिच्यावर घटकाभर बसलो एवढंच.

तुमचं बसणं चुकतंय. लगाम धरल्यासारख्या मुठी आवळू नका. मनगट वाकवू नका, कोपरं सैल सोडा, अंगाचं ओझं बैठकीवर टाका, हातांवर नको. चढ लागला की हात मधल्या दांड्याजवळ आणा, उतारावर टोकाशी न्या आणि सपाटीला अधूनमधून जागा बदला. आठ दिवसांत घोडीला विसराल.

वहिनींना व चि. केशरला नमस्कार-आशीर्वाद. कृपा आहेच, थोडा विश्वासही असावा.

आपला,
गहिनीनाथ

॥ श्री ॥
तलवाडा, मार्गशीर्ष व. ९

चि. गहिनीनाथ यास अ. उ. आ.

तुझं प्रवचन वाचलं. कोपरं सैल सोड म्हणतोस. सैल सोडली की नाक पुढच्या चाकावर टेकतं. अंगाचं ओझं बैठकीवर टाक म्हणतोस. बैठकीवर ओझं टाकलं तर हात हँडलापर्यंत पोचायला मला वानराचे हात हवेत. दुकानदाराने तुला चांगलाच बनवला आणि तू उलट मलाच शहाणपण शिकवतोस.

परवाची गोष्ट ऐक. गेवराईच्या वाटेवर तहसीलदार साहेबांचा टांगा समोरून आला. मान वर करून पाहीपर्यंत टांगा अगदी जवळ. आदाब करायला उजवा हात उचलला, तर सगळा भार डाव्या हातावर आला, हँडल गर्रकन फिरलं आणि मी शेरवानीसकट बाभळीच्या काट्यात. साहेबांनी टांगा थांबवून विचारलं की गिरदावर साहेब, आप किसकी पैमाइश कर रहे हैं? काट्यांची मोजणी! टांगेवाला हसला. त्याचा मला जास्त राग आला. आता कोणी मोठा माणूस दिसला की मी लांबूनच उतरून उभा राहतो. असा उतरत चढत जाण्यापेक्षा पायी लवकर पोचेन.

हातांना हल्ली मुंग्या येतात. विशेष नाही, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट. रात्री झटकलं की बरं वाटतं.

आनंदाची बातमी म्हणजे केशरचं जमत आलंय. तुझ्या आक्काने, मुक्ताने, नेकनूरला तिच्या शेजारचंच स्थळ काढलं आहे, आश्रुबांचा मुलगा बंकट. बीडला कापसाच्या जिनिंगवर कामाला असतो. पोरगा सरळ आहे, मला आवडला. नेकनूरचं नाव निघालं की चुलीपाशी केशरचं काम एकदम वाढतं. पौषात मंडळी आपल्या रानात हुरड्याला येतील. हुरडा झाला की तिथेच सुपारी फोडायची.

आशीर्वाद भरपूर आहेत. उपदेश मात्र आता धाडू नकोस.

सुंदरराव

॥ श्री ॥
हैदराबाद, पौष शु. ५

ती. दादांचे सेवेशी सा. न. वि. वि.

केशरची बातमी वाचून कचेरीत सर्वांना पेढे दिले. सायकलीबद्दल काय लिहू? दुकानदाराला तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणतो की या हँडलावर बसून नाक चाकाला टेकणारा माणूस त्याला एकदा पाहायचाय. मी त्याच्याशीही भांडून आलो. दादा, आपण दोघे एकाच सायकलीबद्दल लिहितो आहोत ना?

मुठींना जुनं धोतर गुंडाळा, मुंग्या कमी होतील. याहून जास्त मला कळत नाही आणि कळलं तरी लिहिण्याची चोरी.

रागावलात तरी आपलाच,
गहिनीनाथ

॥ श्री ॥
नेकनूर, माघ शु. ११

चि. गहिनी यास मुक्ताबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक. तुझ्याशिवाय कोणाला लिहू, कळत नाही.

आमच्या घरचे आप्पाराव, मी, आश्रुबा आणि बंकट, असे सगळे हुरड्याला तलवाड्याला गेलतो. दादा खुशीत होता. आगटीपाशी बसून स्वतः कणसं भाजत होता आणि गरम गरम हातावर चोळून पाहुण्यांना देत होता. बोलता बोलता गोवरीचा एक निखारा कणसाबरोबर त्याच्या हाताला चिकटला, करंगळीच्या बुडाशी. दादा बोलतच राहिला. कणीस चोळतच राहिला. कातडी जळाल्याचा वास मला आला, सगळ्यांनाच आला, दादालाच काय तो कळला नाही. शेवटी आश्रुबांनी हात पुढे करून निखारा झटकला. दादाने फोडाकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, सायकलीनं हात मेलेत बघा.

सुपारी तशीच रुमालात राहिली. आश्रुबांना एकदम घरची जनावरं आठवली. परतताना गाडीत ते आप्पारावांना म्हणाले की हात जळतोय अन् मानसाला कळंना, ह्ये लक्षण लई वाईट हाय. त्यांच्या चुलत्याची अशीच सुरुवात झालती, आधी करंगळी बधिर, मग बोटं गेली. त्या रोगाचं नाव मी लिहीत नाही, तुला कळलंच असेल.

आता निरोप आलाय की यंदा मुलाला गुरुबळ नाही. गावात कुजबुज आहे. बंकट माझ्याकडे येऊन खाली मान घालून बसला आणि उठून गेला. त्याच्या बापाला वाईट म्हणवत नाही रे, त्यांनी चुलत्याचं सगळं डोळ्यांनी पाहिलंय. पण केशरचं यंदा मोडलं तर कारण सगळ्या मुलखात होईल आणि मग तिला कोण करून घेईल?

काहीतरी कर. तू लहान, तरी तुझाच आधार वाटतो.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
तलवाडा, माघ व. ३

चि. गहिनीनाथ यास आशीर्वाद.

अक्षर लागलं तर वाच. लेखणी बोटांतून निसटते.

मुक्ताने तुला कळवलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. तेव्हा मी लपवत नाही. मी ताट वेगळं केलंय. तुझी वहिनी रडली, भांडली, माझ्याच ताटात जेवायला बसली, तेव्हा मी उठून गेलो. केशरने विचारलं नाही. तिने निमूट माझा तांब्या वेगळा ठेवला. ते मला फार लागलं. देवीच्या पायऱ्यांवर एक बोटं गेलेला म्हातारा बसतो. त्याला आजवर मी लांबूनच पैसा टाकत आलो. परवा त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो घाबरून सरकला, बिचाऱ्याला माझीच भीती वाटली.

हल्ली दिवसभर सायकलीवरच असतो. काम नसलं तरी जातो. तिच्यावर असलो की कोणी जवळ येऊन हाताकडे पाहत नाही. करंगळीला काही कळत नाही म्हणून मूठ आणखी घट्ट आवळावी लागते. तुझ्या हँडलाला शिव्या द्यायलाही आता उत्साह नाही. राग आला तर तो एवढाच, की माझं काय व्हायचं ते व्हावं, पोरीच्या अक्षता का म्हणून अडाव्यात?

येऊ नकोस. तुझी लेकरं लहान आहेत.

सुंदरराव

॥ श्री ॥
तलवाडा, फाल्गुन शु. ६

ती. सौ. आक्कास गहिनीनाथाचा नमस्कार.

दादा येऊ नकोस म्हणाला म्हणूनच आलो. अंगणात पाऊल टाकलं, भिंतीला टेकवलेली सायकल पाहिली आणि पिशवी हातातच धरून मी ओट्यावर बसलो.

आक्का, हँडल उलटं बसवलंय! वर चढून मागे वळायचं ते खाली उतरून मागे वळलंय. घंटी जमिनीकडे तोंड करून लोंबते. मी निवडून धाडलेल्या ताठ बसायच्या हँडलाचं या लोकांनी रेसचं हँडल करून टाकलं, का तर स्टुडिओतल्या फोटोत तसं दिसतं. दादाने पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की फोटो धरून बसवलं. मी ते वाचलं आणि नुसता थट्टेवर रुसलो. चार महिने आम्ही दोन शहाणे दोन वेगळ्या हँडलांवर भांडत होतो.

दादाला म्हटलं, बसून दाखवा. तो बसला. सगळं अंग तळहातांवर, मनगटं मागे मोडलेली, दांडा नेमका करंगळीच्या बुडाशी रुतलेला. आमच्या कचेरीत एकजण रेस खेळतो. त्याची हीच दोन बोटं अधूनमधून झोपी जातात आणि आम्ही त्याला हसतो. ते मला इथे येईपर्यंत आठवलं नाही, याचं काय करू?

दादाला बीडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी अंगभर चट्टा शोधला, सुया टोचल्या, कोपराजवळची शीर दाबून पाहिली. रोग नाही म्हणाले. हाताची शीर दांड्याखाली दबून दबून बधिर झालीय, दाब काढला की हळूहळू जाग येईल. घरी आल्यावर दादा म्हाळू लोहाराला बोलावून इतका ओरडला की मारुतीच्या पारावरची माणसं धावत आली. मग माझ्यावर ओरडला. मग फोटोवर. शेवटी वहिनींनी त्याचं ताट आपल्या ताटाजवळ मांडलं आणि तो ओरडता ओरडता जेवायला बसला.

पण आश्रुबांना हे कोण पटवणार? आप्पाराव बोलून आले, तर ते म्हणाले म्हणे की दागतराला काय कळतंय, आमी पाह्यलंय. हँडलानं बोटं मरतात हे आमाला खुळं समजून सांगताय का? बंकट तिथेच होता. तो काल एकटाच इथे आला. दादाच्या पाया पडला आणि म्हणाला की मामा, सायकल मला थोडे दिवस द्या, हँडल होतं तसंच उलटं करून. दादाने कपाळाला हात लावला. मी हँडल फिरवून दिलं. त्याच्या मनात काय आहे ते मला विचारू नकोस, तूच लक्ष ठेव.

तुझा,
गहिनी

॥ श्री ॥
नेकनूर, चैत्र व. ८, शके १८५८

चि. गहिनी यास मुक्ताबाईचे आशीर्वाद. नव्या वर्षाचं पहिलं पत्र गोड लिहायला मिळालं, देवाची कृपा.

बंकट महिनाभर नेकनूर ते बीड त्या सायकलीवर जात-येत राहिला. गाडीवाट सोडून मुद्दाम खडकाळ वाटेने. बैठक वर करून घेतली, म्हणजे हातांवर ओझं जास्त यावं. माणसं हसायची, म्हणायची की ह्यो कुत्र्यावानी वाकून कुठं चाललाय?

परवा पारावर चार माणसांत आश्रुबा बसले होते. बंकट समोर जाऊन उभा राहिला आणि हात पुढे करून म्हणाला की आबा, माझी करंगळी बी मेली. बाभळीचा लांब काटा त्याने आणलाच होता. सगळ्यांसमोर तो करंगळीत खुपसला, पार आत. चेहरा दगडासारखा. मग म्हणाला की केशरच्या बापाला त्यो रोग असंल तर मला बी हाय. माझ्यासाठी दुसरी पोरगी बघू नका.

आश्रुबांनी काट्याकडे पाहिलं. मग उठले, पटका सारखा केला आणि आप्पारावांना म्हणाले की सुपारी राह्यली हाय न्हवं, चला. दुसऱ्या दिवशी स्वतः तलवाड्याला गेले. दादाचा हात हातात घेऊन बसले आणि लई चुकलं म्हणाले. दादाची बोटं आता पुष्कळ जागी झालीत, हे त्यांनी स्वतः टोचून पाहिलं. दादा ओरडला, तेव्हा सगळे हसले. मुहूर्त वैशाखात धरलाय.

आता एक गोष्ट फक्त तुला. पाराच्या मागे मी घागर घेऊन उभी होते. काटा आत जाताना बंकटचा चेहरा हलला नाही हे खरं, पण त्याच्या पायाच्या बोटांनी वहाण अशी घट्ट धरली होती की अंगठा पांढरा पडला होता. त्याच्या हाताला मुंग्या येत असतील, पण करंगळी मेलेली नव्हती रे. हे दादाला कधी सांगू नकोस. जावयापुढे त्याला अवघडल्यासारखं होईल.

लग्नाला आठ दिवस आधी ये आणि फोटो काढून घेऊन येऊ नकोस.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
तलवाडा, वैशाख व. २

चि. गहिनीनाथ यास सुंदररावाचे अनेक आशीर्वाद.

वऱ्हाड गेलं. तू कचेरीसाठी लगेच निघालास, म्हणून उरलेलं लिहितो. घर फार मोठं वाटतंय. तुझी वहिनी केशरच्या तांब्याशी बोलते.

सायकल जावयाने परत केली. मी आता ताठ बसतो, पाटावर बसल्यासारखा, तू म्हणाला होतास तसा. परवा तहसीलदार साहेबांना उजव्या हाताने रीतसर आदाब केला आणि पडलो नाही. टांगेवाल्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. म्हणून तुझं सगळं बरोबर होतं असं समजू नकोस. फोटो पाठवणाऱ्याने सायकल कोणाची ते फोटोतच दिसेल असं उभं राहावं.

आता खरं लिहितो. तू मांडवात मागे होतास, तुला दिसलं नसेल. कन्यादानाला केशरचा हात बंकटच्या हातात दिला आणि वरून माझा हात ठेवला. अक्षतांतला ज्वारीचा एक दाणा माझ्या करंगळीच्या बुडाशी अडकला, जिथे निखारा बसला होता तिथेच. तो टोचला. गहिनी, दाणा टोचल्याने माणसाला रडू येतं हे मला माहीत नव्हतं. लोकांना वाटलं, बाप मुलीसाठी रडतोय. त्यांना तसंच वाटू दे.

आणि दुसरं. रडू आवरायला मी बंकटचा हात जोराने दाबला. माझी करंगळी त्याच्या करंगळीवर होती. काट्याचं टोक तिथे आत राहिलंय, गाठ झालीय, मला हाताला लागली. मी दाबताच पोराचा सगळा हात थरकला आणि त्याने ओठ चावला. मेलेलं बोट असं दुखत नाही. हे या मुलखात माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी हात सैल केला, पण सोडला नाही.

हे मुक्ताला सांगू नकोस. त्या पोराचं खोटं तिला कळलं तर तिच्या पोटात राहायचं नाही.

अक्षर माझंच आहे, पाहून घे. उत्तर लवकर दे आणि लेकरांना घेऊन ये. त्या सायकलीवर पुढच्या दांड्यावर एक मूल नीट बसतं, मी पाहून ठेवलंय.

तुझा,
दादा